आईच्या कागदांचं काम: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर भरकटेन. आईचे कागद लावायचे, स्कॅन करायचे, जर्मन पत्रं कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि भाचीच्या ऑस्ट्रियन पासपोर्टला जे लागेल ते वेगळं काढायचं. खरं कारण पासपोर्टच आहे, उगाच मोठेपणा कशाला. १ सप्टेंबर २०२० पासून ऑस्ट्रियाने नियम बदललाय, नाझींच्या छळामुळे ज्यांना देश सोडावा लागला त्यांच्या मुलानातवंडांनाही नागरिकत्व मिळतं, आणि भाची म्युनिकला नोकरीला असल्यामुळे तिला ते हवंय. दादा म्हणाला तू रिटायर झालीयेस, वेळ आहे तुझ्याकडे, पाठवतो सगळं पुण्याला. आणि पाठवलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची आई व्हिएन्नाची. १९३० चा जन्म, ज्यू घर, एकुलती एक. जून १९३९ मध्ये, नऊ वर्षांची असताना, किंडरट्रान्सपोर्टच्या, म्हणजे ज्यू मुलांना नाझींपासून वाचवायला ब्रिटनला नेणाऱ्या गाडीने एकटी इंग्लंडला आली, नॉटिंगहॅमला एका कुटुंबात वाढली, पुढे लीड्सला नर्स झाली, एफआरसीएस करायला आलेल्या बाबांशी लग्न केलं आणि १९५९ ला कोल्हापूरला आली ती २०२० मध्ये जाईपर्यंत तिथेच. गल्लीने तिचा हिशोब आपापला लावून टाकला होता, ही वळिवड्याची पोलिश बाई. १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित होते ना, त्यातलीच एक मागे राहिलेली. ते लोक बहुतेक कॅथलिक, स्टालिनच्या राज्यात सैबेरियाकडे हाकललेले, ती गोष्टच निराळी. पण आईने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. "बरं हाय की, सांगत बसायला नको," म्हणायची.

१४ जानेवारी

खोकं उघडलं. सगळे कागद बाबांच्या दवाखान्यातल्या एक्स-रेच्या पाकिटांत आहेत, ती मोठी तपकिरी. काहींवर अजून पेशंटची नावं आहेत, मांडीचं हाड, डावा पाय वगैरे. हा कागद आम्लाचा असतो, आतलं सगळं पिवळं पडतं, वर कोल्हापूरचा पावसाळा आणि कसर. टाचण्या गंजून कागदात रुतल्यात. त्या ओढायच्या नाहीत, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हळूच सोडवायच्या. दादाने फोनवर विचारलं लॅमिनेट करून टाकूया का, म्हटलं बाबा रे हात लावू नकोस कशाला.

ठरवलंय ते असं. जे पाकीट ज्या क्रमाने आलं तो क्रम मोडायचा नाही, आधी तसाच लिहून घ्यायचा. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने नंबर. स्कॅन ६०० डीपीआय, टिफ, दोन्ही बाजू, मागची कोरी असली तरी. एक कॉपी घरच्या हार्डडिस्कवर, एक दादाकडे, एक क्लाउडवर.

क्रमाची गंमत म्हणजे तारखेप्रमाणे काहीच नाही. आईने कागद आकाराप्रमाणे लावलेत, मोठे मागे, छोटे पुढे, हॉस्पिटलात चादरी लावतात तसे.

२० जानेवारी

पाकीट एक. प्रवासाचा कागद, फोटोसकट. त्यावर लाल मोठं इंग्रजी जे अक्षर, तो शिक्का ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर मारायला लागले. नावात मधेच "सारा" घातलंय, ते आईचं नाव नव्हे, सगळ्या ज्यू बायकांना सारा आणि पुरुषांना इस्राएल लावायचा कायदा होता, १९३९ च्या जानेवारीपासून सक्तीचा. गळ्यात अडकवायचा पुठ्ठ्याचा नंबर, दोरीसकट. इंग्लंडच्या होम ऑफिसचं परवानगीचं कार्ड. बस.

भाचीला हे तीन स्कॅन आजच पाठवले, तिचं अर्धं काम इथेच झालं. तिचा लगेच मेसेज, आत्या यू आर द बेस्ट. आणि मग, बाकीचं पण करशील ना?

२८ जानेवारी

टाइमलाइन लिहून काढली, कारण दादाला आणि मलाही बऱ्याच गोष्टी एकात एक मिसळलेल्या होत्या.

१२ मार्च १९३८ ला हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात आलं. व्हिएन्नात तेव्हा ज्यू वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास, आईचं घर लिओपोल्डश्टाटमध्ये, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे ज्यू सगळ्यात जास्त. पहिल्या आठवड्यातच लोकांना घरातून काढून रस्ते घासायला बसवलं, शेजारीपाजारी कडेने उभे राहून हसतायत असे फोटो आहेत. जुलैमध्ये फ्रान्समध्ये एव्हियाँला ३२ देशांची परिषद झाली, निर्वासितांचं काय करायचं यावर, आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडलं तर कुणी दार उघडलं नाही म्हटलं तरी चालेल. मग ९-१० नोव्हेंबरची रात्र, सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली, जवळजवळ ३०,००० पुरुष धरून डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत नेले. आजोबा त्यात होते, डाखाऊ, काही महिन्यांनी सुटून आले. आईला एवढंच आठवायचं की त्यांचं डोकं भादरलेलं होतं आणि ती त्यांना ओळखेना.

त्या रात्रीनंतर ब्रिटनमध्ये ज्यू आणि क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) मंडळींनी सरकारच्या मागे लागून मुलांची परवानगी काढली. २१ नोव्हेंबरला पार्लमेंटात चर्चा झाली, गृहमंत्री सॅम्युएल होर. १७ वर्षांखालची मुलं, आईबापांशिवाय, तात्पुरती, सरकारी पैसा न घालता. पुढे तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागायला लागले, म्हणजे हे पोर उद्या परत जायचं तर तिकिटाची सोय. पहिली खेप २ डिसेंबर १९३८ ला इंग्लंडच्या हारिच बंदरात उतरली, बर्लिनची साधारण २०० मुलं. व्हिएन्नातून पहिली गाडी १० डिसेंबरला, ६०० मुलांची. ती गेएर्ट्राउडा वाइस्मुलर नावाच्या डच बाईने थेट आइखमन या नाझी अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन मिळवली, त्याने तिला अशी अट घातली होती की आठवड्याच्या आत ६०० मुलं घेऊन निघायचं, जमणारच नाही या हिशोबाने, आणि बाईने जमवलं. युद्ध सुरू होईपर्यंत एकूण दहाएक हजार मुलं आली.

आईबापांना का नाही? कारण ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी होती आणि मोठी माणसं आली की नोकऱ्या खातील ही भीती. मुलं गोड दिसतात, ती स्पर्धेत नसतात. मी हे जरा कडवट लिहितेय याची कल्पना आहे मला. दहा हजार पोरं वाचली हे खरंच आहे, अमेरिकेत तर २०,००० मुलांसाठीचं बिल १९३९ मध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही. पण लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरचा मुलांचा पुतळा बघताना माझ्या डोक्यात दरवेळी दुसऱ्या टोकाचा प्लॅटफॉर्म येतो. पुतळा फ्रँक मायझलरचा आहे, तो स्वतः डान्झिगहून असाच आलेला.

११ फेब्रुवारी

पाकीट दोन आणि तीन. पत्रं. आजीचं अक्षर जुन्या कुरंट लिपीतलं, मला जर्मन येत असतं तरी ओ की ठो कळलं नसतं. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर आहे हस्ताक्षर वाचणारं, ते चालवून बघितलं, बऱ्यापैकी वाचतं पण नावं आणि काटछाट आली की गडबडतं. शेवटी मॅक्समुल्लर भवनात शिकवून रिटायर झालेल्या एक बाई मिळाल्या, पंचाहत्तरीच्या, त्यांना कुरंट येतं. पैसे विचारले तर म्हणाल्या पैसे नकोत, दर गुरुवारी या आणि चहा तुम्ही करा.

आईला ही पत्रं पुढे वाचता येत नव्हती. लोकांना हे पटत नाही. नऊ वर्षांचं पोर इंग्लिश घरात, वर युद्ध, जर्मन बोललं की शाळेत शत्रूची पोर म्हणून टोमणे. दोनतीन वर्षांत भाषा गेली. ज्या वयात मुलं आली त्या वयाच्या कितीतरी जणांचं असं झालंय. म्हणजे १९५९ ला बोटीतून जी पत्रं ती घेऊन आली ती तिला स्वतःलाच बंद होती, आणि साठ वर्षं ती तिने सांभाळली, एकदाही कुणाला वाचून दाखव म्हणाली नाही.

२२ फेब्रुवारी

गुरुवार. जुलै १९३९ पर्यंतची पत्रं झाली. मला वाटलं होतं रडारड असेल. अजिबात नाही. दात घास, अंगात लोकरीचं घाल, नॉटिंगहॅमच्या बाईंना मदत कर, आणि मग प्रत्येक पत्रात एक परिच्छेद कामाचा. इंग्लंडमध्ये घरकामाला बायका हव्या असायच्या, त्या व्हिसावर वीसेक हजार लोक आले, जवळजवळ सगळ्या बायका, आणि नशीब असेल तर जोडपंही घ्यायचे, बायको स्वयंपाकाला, नवरा बागेला किंवा बटलर म्हणून. आजी लिहिते, बाईंना विचार, त्यांच्या ओळखीत कुणाला जोडपं हवंय का. मी उत्तम स्वयंपाक करते, बाबा बाग करतील, गाडी चालवतात, सगळं करतील.

आजोबा कापडाचे फिरते विक्रेते होते. त्यांनी आयुष्यात कुंडीतल्या रोपालाही पाणी घातलं नसेल.

असं खूप मुलांना सांगितलेलं होतं. अनोळखी गावात घराघरांची बेल वाजवून माझ्या आईबाबांना नोकरी देता का असं विचारत फिरलेली मुलं होती.

२४ फेब्रुवारी

कॅसेट. १९९४ मध्ये दादाने आईला टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं, तीच. ९० मिनिटांची टीडीके, फेल्टचा तुकडा सुटलेला. बाजारात एकाने ती आधी भलत्याच वेगात चढवून दिली, आई चिमणीसारखी बोलतेय. मग जुना डेक मिळवून घरीच केली, आधी रिवाइंड-फॉरवर्ड करून रीळ सैल केलं, हेड स्पिरिटने पुसलं, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर घेतली.

आई मराठीत बोलतेय. मागे कुकरची शिट्टी, दादा मध्येमध्ये "मग?" म्हणतोय. वेस्टबानहोफ स्टेशन, आईबापांना प्लॅटफॉर्मवर हात हलवायला बंदी, रात्रभर जर्मनी, हॉलंडची हद्द लागल्यावर डच बायका खिडकीतून कोको आणि पांढरा ब्रेड देत होत्या, हूक ऑफ हॉलंडहून बोट, सगळी पोरं ओकत होती, सकाळी हारिच. हे तिने आम्हाला आधीही सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

दुसऱ्या बाजूला मात्र जे आहे ते मी कधी ऐकलं नव्हतं. दादा म्हणतो त्यालाही आठवत नाही, बहुतेक टेप चालू ठेवून तो बाहेर गेला असणार, कारण त्याचं "मग?" तिथे नाही. आहे तसं लिहिते.

"त्यांनी मला काम दिलेलं, बाईंना विचार म्हणून. मी काय विचारलं नाही. इंग्लिश येत नव्हतं नीट, आणि बाई चांगल्या होत्या पण मला भ्या वाटायचं की फार मागितलं तर परत पाठवतील. घरी लिहिलं, विचारलं म्हणून. दोनदा लिहिलं. आई लिहायची, शहाणी माझी बाई ती."

मग थोडा वेळ नुसता टेपचा आवाज, आणि मग पोस्टमनची वेळ झाली का असं काहीतरी.

२९ फेब्रुवारी

पत्रं वाचून देणाऱ्या बाईंना कॅसेटबद्दल सांगितलं नाही. आज ऑगस्टची पत्रं. त्यात ११ ऑगस्टच्या पत्रात आजी लिहिते की आता बाईंना पुन्हा विचारू नकोस, चांगल्या माणसांना सारखा त्रास देऊ नये, समितीतल्या एका ओळखीच्यांनी आमचं बघतो म्हटलंय.

मला लगेच दादाला फोन करावासा वाटला. केला. तो म्हणाला, बघ, म्हणजे सुटली ती. नाही रे. हे पत्र तिला तेव्हाच मिळालं होतं आणि तेव्हा तिला जर्मन येत होतं, वाचलंच असणार तिने. तरी ५५ वर्षांनी कॅसेटवर ती जे सांगते ते "मी विचारलं नाही" हेच. पत्राने काही सुटलं असतं तर ते तेव्हाच सुटलं असतं.

१६ मार्च

व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेने मे १९३८ पासून देश सोडू इच्छिणाऱ्या कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, ती आता डिजिटल झालीये. आजोबांची सापडली, भाचीने शोधली, शाब्बास. चार पानं. व्यवसाय काय, नवीन काय शिकलात, भाषा कुठल्या, पैसे किती, परदेशी नातेवाईक कोण, कुठे जायचंय. नवीन काय शिकलात समोर आजोबांनी लिहिलंय केस कापणं. पैसे, नाहीत. नातेवाईक, शिकागोला बायकोची चुलतबहीण, पत्ता अपुरा. कुठे जायचंय समोर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, शांघाय आणि मग दुसऱ्या शाईने "कुठेही".

अमेरिकेचा जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाचा कोटा २७,३७० चा, त्यात तिथला कुणीतरी हमीपत्र देणारा लागायचा. बाकी पत्रांत रांगेचे नंबर, शांघायच्या बोटीचं तिकीट, एका वकिलाने खाल्लेले पैसे, सगळं विखुरलेलं होतं, आता प्रश्नावलीशेजारी ठेवल्यावर जुळतं. सगळी दारं त्यांनी वाजवलेली होती. नॉटिंगहॅमच्या बाई हे त्यातलं एक, आणि तेही त्यांनी शेवटी शेवटी धरलेलं.

आईला हे माहीत नव्हतं. मुलांना कोण सांगतं असलं. तिच्या हिशोबात एकच दार होतं आणि ते तिच्या हातात होतं. या कामातून मला काही मिळालं असेल तर हे चार पानांचं, आणि ते दाखवायला ती नाही, दाखवलं असतं तरी "बरं" म्हणून चहा टाकायला उठली असती हेही मला माहितीये.

२३ मार्च

पाकीट चार. सप्टेंबर १९३९ नंतर थेट टपाल बंद. काही पत्रं हॉलंडमधल्या कुणाच्यातरी मार्फत, मे १९४० ला हॉलंड पडलं तेव्हा तीही थांबली. मग रेड क्रॉसचे फॉर्म, जिनिव्हामार्गे, फक्त २५ शब्द, घरगुती मजकूर, उत्तर त्याच कागदाच्या मागे, जायला यायला महिनेच्या महिने. स्कॅन करताना फाइलीचा आकार बघत होते, १९३९ चा फोल्डर जाड, ४१ चा काही नाही. शेवटचा फॉर्म मार्च १९४२. आम्ही बरे आहोत, मोठी झाली असशील, फोटो पाठव. मागे आईचं उत्तर इंग्लिशमध्ये आहे आणि तो फॉर्म पोचलाच नाही, परत आला.

६ एप्रिल

व्हिएन्नाच्या अभिलेखागारातून आजीआजोबांच्या पत्त्यांची नोंद आली. शेवटचा पत्ता त्यांच्या घराचा नाही, त्याच जिल्ह्यातलं दुसरं घर, जिथे चारपाच कुटुंबं एका फ्लॅटमध्ये कोंबायचे. डीओडब्ल्यू म्हणजे तिथलं प्रतिकार-चळवळीचं दस्तऐवज केंद्र, त्यांच्या यादीत पुढचं आहे. २७ मे १९४२, आस्पांग स्टेशन, मालि त्रोस्तिनेत्स.

हे मिन्स्कजवळ आहे, बेलारूसमध्ये. ऑशविट्झ सगळ्यांना माहीत असतं, हे नाव मी साठी उलटल्यावर ऐकलं, आणि ऑस्ट्रियाचे सगळ्यात जास्त ज्यू मारले गेले ती जागा हीच. प्रत्येक गाडीत साधारण हजार माणसं. वोल्कोविस्कपर्यंत प्रवासी डबे, तिथे मालगाडीत चढवायचे. शनिवार-रविवारी मिन्स्कमधल्या नाझी पोलिसांना काम नको म्हणून गाडी अलीकडे कोइदानोवला उभी ठेवायची, अशी सोय रेल्वेने करून दिली होती. २७ मेची गाडी १ जूनला पोचली, सोमवारी. कामाला म्हणून थोडी माणसं बाजूला काढायचे, बाकीच्यांना ब्लागोवश्चिनाच्या जंगलात खड्ड्यांच्या कडेला गोळ्या. ऑस्ट्रियातून तिथे नेलेल्या जवळजवळ १०,००० जणांतले १७ जगले.

दोन दिवस पेटीला हात लावला नाही. मग पुढचे स्कॅन केले, पावसाआधी संपवायचंच आहे.

५ मे

भाची व्हिएन्नाला गेली होती. तिथे २०२१ मध्ये नावांची भिंत झालीये, ६४,००० च्या वर नावं, तिने आजीआजोबांची दोन्ही शोधून व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. दादाने त्याच्याखाली हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि पाठोपाठ विचारलं, पण भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल ना? लागेल. ऑस्ट्रियाची हरकत नसते दोन्हीला, भारताची असते, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. यावर घरात आठवडाभर चालू आहे. वहिनी म्हणतात ज्यांनी हाकललं त्यांच्याचकडे जायचं का. मला विचाराल तर आई आधी नागरिक होती, मग १९४१ मध्ये बाहेर असलेल्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्व एका कायद्याने काढलं तेव्हा कुणाचीच नव्हती, मग ब्रिटिश झाली, आणि शेवटपर्यंत रेशनकार्ड सोडून कुठल्याच कागदावर तिचा विश्वास नव्हता. भाचीने घ्यावा पासपोर्ट. फुकटात मिळत नाहीये तो.

आणखी एक. २०१९ मध्ये जर्मन सरकारने किंडरट्रान्सपोर्टच्या हयात मुलांना एकरकमी २,५०० युरो द्यायला सुरुवात केली. दादाने फॉर्म आणून दिला होता. तो फॉर्म पाकीट सहामध्ये आहे, कोरा. मागच्या बाजूला आईच्या अक्षरात दूध आणि इस्त्रीचा हिशोब.

२ जून

अर्ज दाखल झाला. माझं काम तांत्रिकदृष्ट्या संपलं, पण मूळ कागदांचं काय हे आहेच. दादा म्हणतो कोल्हापूरला परत पाठव, आईचे आहेत, घरात राहू देत. मी नाही म्हटलंय. कसर आहे, दमट हवा आहे, आणि आमच्यानंतर कुरंट तर सोडा, पेटी कशाची हे सांगणारंही कुणी नाही. लंडनला रसेल स्क्वेअरला वीनर होलोकॉस्ट लायब्ररी आहे, आल्फ्रेड वीनर नावाच्या बर्लिनच्या माणसाने हिटलर आल्यापासूनच नाझींचे कागद जमवायला घेतले त्यातून उभी राहिलेली, ते असे घरगुती कागद घेतात. मी त्यांना लिहिलं, यादी जोडली. कॅसेटही देतेय, मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवून, सोबत इंग्लिश. दुसऱ्या बाजूचं द्यायचं का यावर दादा आणि मी खूप बोललो. तो म्हणाला ते तिने आपल्यालाही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं टेप चालू आहे हे तिला दिसत होतं, लाल दिवा असतो त्याला.

देतोय. प्रश्नावलीची चार पानं त्याच फोल्डरमध्ये, लगेच पुढे, असं यादीत मी स्पष्ट लिहिलंय.

एक्स-रेची पाकिटं त्यांना नकोयत, आम्ल. ती मी ठेवलीत.

९ जून

कुरियरने पाठवणार नाही. वहिनी २० तारखेला लंडनला बहिणीकडे जातायत, त्यांच्या हँडबॅगेतून जाईल. आम्लरहित फोल्डर, त्यावर पुठ्ठा, सिलिका जेल. पुठ्ठ्याचा नंबर दोरीसकट वेगळ्या पाकिटात. दादाला फोन करून वजन विचारायचंय, बॅगेत वहिनींच्या बहिणीसाठी चार किलो कांदालसूण मसाला आहे म्हणे.